दुपारी दोनचा आकडा

फोंडाघाट
५ एप्रिल २०२५

चि. नीरजा आणि चि. पुष्कर यांस,

दोघांना एकच मजकूर आहे, मधे कार्बन घालून लिहिला आहे. खालची पुसट प्रत कोणाच्या वाट्याला आली यावरून रुसू नये.

गेल्या मे महिन्यात मी खळ्यात चक्कर येऊन पडलो, तेव्हापासून तुम्ही दोघांनी माझा पिच्छा पुरवला आहे. नीरजा म्हणते, मालवणला या, समुद्राजवळ ऊन सौम्य असतं. पुष्कर म्हणतो, कोल्हापूरला या, घाट चढलात की उष्मा खालीच राहतो. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यात एकट्याने राहू नका. माझं म्हणणं कोणी विचारलं नाही. ते असं की, फोंड्याची हवा मला एकोणऐंशी वर्षं मानवली आहे आणि माणूस एकदा पडला म्हणून हवा वाईट ठरत नाही.

तुमची आई असती तर तिने एका वाक्यात निकाल दिला असता. मला ते जमणार नाही. मुलाकडे गेलो तर मुलगी मनात ठेवील, मुलीकडे गेलो तर मुलगा. तेव्हा निवाडा हवेनेच करावा असं मी ठरवलं आहे.

कणकवलीहून तीन तापमापक आणले. तिन्ही एका बादलीत तासभर बुडवून ठेवले. एक अर्धा अंश जास्त दाखवतो, तो मी स्वतःला ठेवून घेतला. उरलेले दोन तुम्हाला पार्सलने येतील. दहा एप्रिल ते नऊ मे, रोज दुपारी दोन वाजता पारा पाहावा. तापमापक सावलीत असावा, छातीइतक्या उंचीवर, भिंतीपासून वीतभर लांब. दर रविवारी आठवड्याचे आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवावेत. ज्या घराची सरासरी सगळ्यात कमी, त्या घरी मी राहीन. फोंडा जिंकला तर मी इथेच राहीन आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

या बाबतीत फोन करायचा नाही. मलाही नाही आणि एकमेकांनाही नाही. फोनवर माणूस आधी दुसऱ्याचा आकडा विचारतो आणि मग आपला सांगतो. चौतीस वर्षं पोस्टात काढल्यावर मला एवढं कळतं की, शिक्का बसलेला मजकूर मागे घेता येत नाही.

तुमचा,
अप्पा

---

मालवण
१४ एप्रिल

पुष्कर,

पत्र लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. तुला शेवटचं पत्र मी तू हॉस्टेलवर असताना लिहिलं होतं, आणि त्यात फक्त लाडू पोचले का एवढंच विचारलं होतं. फोन उचलून दोन मिनिटांत बोलता आलं असतं. पण अप्पांनी नको म्हटलंय आणि मला त्यांना फसवायचं नाही. तूही करू नकोस.

पार्सल पोचलं. कार्बनची खालची प्रत मला आली. काही म्हणणं नाही, फक्त सांगितलं.

तापमापक टांगायला जागा शोधताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती मी त्या रात्री वहीतही लिहिली. मी घरभर फिरत होते ती सर्वांत योग्य जागा शोधत नव्हते, सर्वांत थंड जागा शोधत होते. शेवटी विहिरीच्या रहाटाच्या खांबावर टांगला. अप्पांची एकही अट मोडत नाही. सावली आहे, छातीइतकी उंची आहे आणि भिंत जवळपास नाहीच. दोन वाजता एकतीस असतात.

शेजारच्या काशीबाई पाण्याला आल्या. त्यांचं वय अप्पांएवढंच, पण घागर अजून स्वतः उचलतात.

"गो नीरजा, रहाटाक काय टांगलंस ता?"

"तापमापक."

"घराक ताप इलो काय गो?"

मग मी सगळा प्रकार सांगितला. त्यांनी घागर खाली ठेवून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बापाशीक हाडूचा आसा तर गाडी पाठव. पाऱ्याक कित्याक इचारतंस?"

 मी नववीच्या मुलांना शिकवते तेच त्यांना सांगत बसले. जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा तापतो, म्हणून दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे जातात, म्हणून किनाऱ्यावर फार ऊन नाही आणि फार थंडीही नाही. काशीबाई म्हणाल्या, "ह्या माझ्या न्हवऱ्याक ठावक होता, तो दुसरी नापास."

तुझा आकडा मी विचारत नाही. तुला सांगावासा वाटला तर सांग.

ताई

---

कोल्हापूर
१९ एप्रिल

ताई,

तू विचारत नाहीस म्हणून सांगतो. बत्तीस.

तुझा एकतीस वाचून आधी मला हसू आलं आणि मग काळजी वाटली. अगं, तू भूगोलाची बाई. दर एकशे पासष्ट मीटरला एक अंश कमी, हे लहानपणी तूच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतंस. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे. म्हणजे तुझ्यापेक्षा मी तीन अंश थंड असायला पाहिजे. तरी मी एका अंशाने मागे. यात कोणाचा तरी घोटाळा आहे आणि तो सह्याद्रीचा नक्कीच नाही.

दुसरं असं की, एकतीस असो की एकवीस, मालवणात घाम सुकत नाही. तुझ्या लग्नानंतर मी चार दिवस राहायला आलो होतो तेव्हा आंघोळीचा पंचा सकाळी वाळत घातला तो संध्याकाळी काढताना सकाळइतकाच ओला होता. हवेत आधीच एवढं पाणी आहे की आणखी घ्यायला जागा नाही. कोल्हापुरात पंचा अर्ध्या तासात पापडासारखा होतो. अप्पांच्या अटींत पंचा नाही, ही त्यांची चूक.

माझी पद्धत सांगतो, म्हणजे तुला शंका नको. दोन वाजता मी कारखान्यात असतो, भट्टीपासून वीस पावलांवर. तिथे तापमापक नेला तर फुटेल. म्हणून आकडा चारुता घेते. सुरुवातीला गॅलरीत टांगला होता. आमची गॅलरी पश्चिमेला, वर गच्चीचा स्लॅब, खाली डांबरी रस्ता, आणि रस्ता रुंद करताना त्यांनी चिंचेची झाडं तोडली. पहिल्या दिवशी एकोणचाळीस. चारुता म्हणाली, "हा आकडा गॅलरीचा आहे, अप्पा काय गॅलरीत राहणार आहेत?" मला पटलं. तेव्हा आता तो अप्पांसाठी ठेवलेल्या खोलीत टांगला आहे. त्या खोलीत एसी आहे. तो मी अप्पांसाठीच बसवून घेतला. बत्तीस झाले की चारुता तो बंद करते. एसीची खोली कोल्हापुरात येत नाही का?

तुला हे चालणार नाही, ठाऊक आहे. पण बघ, मी लपवलं नाही.

आणखी एक. अप्पांचा गेल्या आठवड्याचा आकडा तुला कळला का? त्यांनी आपल्याला कळवायचं असं काही ठरलं नव्हतं. ते आपले आकडे घेतायत आणि स्वतःचे दाबून बसलेत.

पुष्कर

---

मालवण
२५ एप्रिल

पुष्कर,

एसीबद्दल मी तुला बोलणार होते. तीन वेळा वाक्य लिहिलं आणि खोडलं. कारण प्रत्येक वेळी मला रहाट दिसायला लागला.

काल दोन वाजता मी एक प्रयोग केला. रहाटावरचा आकडा घेऊन तोच तापमापक पडवीत आणला आणि अर्धा तास थांबले. पडवीत चौतीस. गुरुप्रसाद बँकेतून जेवायला आले होते, ते म्हणाले, "तुझ्या बाबांना तू विहिरीवर बसवणार आहेस का?" बोलणं चेष्टेचं होतं, पण अप्पा आले की दुपारी पडवीतच बसणार. रहाटावर नाही.

तीन अंशांचा फरक का पडतो ते मी शोधून काढलं. आमच्या पश्चिमेला गेल्या वर्षी तीन मजली लॉज झाला. समुद्राचा वारा पूर्वी सरळ पडवीत यायचा. आता तो लॉजला अडतो, कडेने वळसा घेतो आणि विहिरीवरून निघून जातो. लॉजच्या पाटीवर 'सी ब्रीझ' असं लिहिलंय. ती सगळी ब्रीझ त्यांच्या तीन मजल्यांत जाते, उरलेली आमच्या विहिरीला. मी वीस वर्षं मुलांना सांगत आले की शहराची हवा समुद्र, उंची आणि डोंगर ठरवतात. एक लॉजवालाही ठरवतो, हे पुस्तकात नाही.

मग मी तापमापक पडवीत ठेवायला हवा होता. ठेवला नाही. परत रहाटावर नेऊन टांगला. स्वतःची समजूत घातली की महिन्याच्या मधे जागा बदलली तर सगळी नोंद बिघडेल. हे कारण शास्त्रीय आहे. ते माझ्या सोयीचंही आहे. कोणत्या कारणासाठी मी ते केलं, हे मला खरंच सांगता येत नाही.

एवढंच सांगता येतं की मला अप्पा इथे हवेत. आईच्या शेवटच्या वर्षी मी शाळा सांभाळून फोंड्याला जात होते आणि दर वेळी एसटी पकडायची म्हणून उठत होते. आईने एकदाही थांब म्हटलं नाही. तेव्हा मला वाटायचं, तिला माझी अडचण कळते. आता वाटतं, मी थांबते म्हटलंच नाही.

तीस तारखेला मावशीच्या अनिशच्या लग्नाला कणकवलीत भेटूच. अप्पा येणार आहेत. तिथे पाऱ्याचा विषय काढायचा नाही. तोंडी आकडे बाद आहेत.

ताई

---

कोल्हापूर
३ मे

ताई,

अक्षय्य तृतीयेला लग्न आणि हॉलवर पत्रा. आपण तिघं एका ओळीत बसलो होतो ते आठवून मला अजून घाम येतो. अप्पा आपल्या दोघांच्या मधे, एका हातात सोलकढी आणि दुसऱ्या हातात लग्नपत्रिका, तिनेच वारा घेत होते. मला म्हणाले, "पुष्करा, तुझ्या कोल्हापुरात असो घाम येता काय रे?" मी म्हटलं, नाही. मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "आणि मालवणात?"  चारुता मला नंतर म्हणाली, ताई एवढ्या गप्प का होत्या.

मला कारण माहीत आहे. तू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतीस. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

ताई, तू तीस तारखेचा काय लिहिलास? मी बत्तीस लिहिला. चारुता माझ्या शेजारीच बसून जिलबी खात होती, घरी कोणी नव्हतं, एसीसुद्धा बंद होता. पण त्याच्या आधीचे पाच दिवस बत्तीसच होते, तर त्या दिवशी वेगळा काय असणार? कोरी जागा ठेवली असती तर अप्पांनी चार पानी पत्र लिहिलं असतं.

तूही काहीतरी लिहिलं असशील. गुरुप्रसादभावजी वऱ्हाडात होते, मी पाहिलं त्यांना. आपण दोघांनी लिहिलंय म्हणजे कोणी कोणाला बोलायचं नाही. बरोबरी. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

आणि खरं सांग, अप्पा खंगल्यासारखे नाही वाटले? हॉलच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला. ते कधी कोणाचा हात धरत नाहीत.  त्यांनी बुटाची नाडी बघितल्यासारखं केलं. चपला घातल्या होत्या त्यांनी.

पुष्कर

---

मालवण
६ मे

ती. अप्पांना नमस्कार.

हे पत्र रविवारच्या कार्डाऐवजी नाही. कार्ड वेगळं टाकलं होतं, ते पोचलं असेल. त्या कार्डावरचा एक आकडा खोटा आहे आणि बाकीचे सगळे अर्धवट खरे आहेत. तेच कळवायला हे लिहिते आहे.

तीस एप्रिलसमोर मी एकतीस लिहिलं आहे. त्या दिवशी दुपारी दोन वाजता मी तुमच्या उजव्या हाताला बसले होते. आकडा मी संध्याकाळी कणकवलीहून परत येताना, एसटीत कट्टा गाव आल्यावर लिहिला. आदल्या दिवशीचाच लिहिला. लिहिताना पेन अडलं, म्हणून बॅगेतलं दुसरं काढलं, म्हणजे मधे विचार करायला मला पुरेसा वेळ मिळाला होता.

बाकीचे आकडे विहिरीच्या रहाटावरचे आहेत. तिथे वारा असतो. पडवीत, जिथे तुम्ही बसाल, तिथे चौतीस असतात आणि वारा नसतो. चौतीस हा आकडाही पुरता खरा नाही, कारण इथे हवा दमट आहे आणि घाम अंगावरच राहतो. पंचा सुकत नाही. समोरच्या लॉजचा जनरेटर चालू झाला की पडवीत बोलणं ऐकू येत नाही. रात्रीही फारसं उतरत नाही. फोंड्याला पहाटे घाटावरून गार वारा उतरतो आणि तुम्ही एप्रिलमध्येही चादर घेता. इथे चादर लागणार नाही, पंखा लागेल आणि वीज जाते.

तुमच्या अटीप्रमाणे मालवण बाद धरावं.

तरी अप्पा, तुम्ही इथे या. मला तुम्ही इथे हवे आहात. हे मी महिनाभर एकतीस, एकतीस असं लिहीत होते.

पुष्करच्या आकड्यांबद्दल मला काही माहीत नाही असं लिहिलं तर आणखी एक खोटं होईल, म्हणून त्याच्याबद्दल काहीच लिहीत नाही.

तुमची,
नीरजा

---

फोंडाघाट
११ मे

चि. नीरजा आणि चि. पुष्कर यांस,

पुन्हा कार्बन. या वेळी वरची प्रत नीरजाला.

नीरजाचं सहा तारखेचं पत्र नऊला पोचलं. मालवण ते फोंडा तीन दिवस. आमच्या वेळी दुसऱ्या दिवशी पोचायचं. असो.

पुष्कर, नीरजाने तुझ्याबद्दल काहीच लिहिलं नाही आणि ते इतक्या स्पष्टपणे लिहिलं नाही की मला सगळं कळलं. तुझी कार्डं मी पुन्हा काढून पाहिली. पहिला दिवस सोडला तर कोल्हापुरात महिनाभर रोज दुपारी नेमके बत्तीस अंश, ना एक कमी ना एक जास्त. असं शहर पृथ्वीवर नाही. यंत्राने गार केलेली खोली मी पोस्टाच्या सर्कल ऑफिसात पाहिली आहे. त्यासाठी कोल्हापूरला जाण्याची गरज नाही, तसलं यंत्र फोंड्यातही बसतं.

तुम्हा दोघांना मी कडक शब्दांत लिहायला बसलो होतो. मसुदाही केला. मग पुराव्यासाठी माझी वही समोर ओढली. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, 'ता. ३० एप्रिल, दु. २ वा., ३४' अशी नोंद आहे. आदल्या दिवशी सदतीस, दुसऱ्या दिवशी सदतीस. मधल्या दिवशी मी कणकवलीत तुमच्या दोघांच्या मधे बसलो होतो.

तुम्ही निदान आदल्या दिवशीचा आकडा उतरवलात. मी तीन अंश कमी करून लिहिला. लिहिताना पेन अडलंसुद्धा नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी मागच्या तारखेचा शिक्का कधी कोणाला मारून दिला नाही. एका सभापतीलाही नाही म्हटलं होतं. आणि घरात, कोणी मागितला नसताना, स्वतःसाठी मारला.

कारण तुम्हाला माहीत आहे. माका खंयच जाऊचा नाय होता.

आता हेही सांगतो. त्याच वहीत बावीस एप्रिलची जागा कोरी आहे. त्या दिवशी बाजारातून येताना भिकाजीच्या दुकानापर्यंत पोचलो आणि समोरचा रस्ता पांढरा दिसायला लागला. भिकाजीने बाकावर निजवलं, डोक्यावर पाणी घातलं, कोकम पाजलं. मी उठायला गेलो तर म्हणाला, "अप्पानू, उठा नकात. पडल्यात तर माका तुमच्या झिलाक फोन करूचो लागतलो, आणि फोन करूक तुम्ही बंदी केल्यात." दोन तास तिथे होतो. डोंगर पाठीशी असला की दुपारचा वारा कोंडतो, हे मला त्या बाकावर पडल्या पडल्या पहिल्यांदा जाणवलं. पहाटेचा गारवा खरा आहे. पण मी पहाटे पडत नाही, दुपारी पडतो.

हे तुम्हाला कळवायचं नाही असं मी भिकाजीला बजावलं होतं. लग्नात पायऱ्यांवर पुष्करने पाहिलं, असं मला वाटतं.  मी त्याला बुटाची नाडी दाखवली.

तेव्हा परीक्षा रद्द. तपासणारानेच कॉपी केली तर दुसरा मार्ग नसतो. तिन्ही तापमापक मी जप्त करतो.

पुष्कर, तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. ती खोली तू मनापासून तयार केलीस, हे त्या बत्तीस अंशांवरूनच कळतं. दिवाळीला मी तिथे येऊन झोपेन. यंत्र बंद ठेवून.

नीरजा, मी गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतो. तुझ्या पत्रात मालवणच्या हवेचे जेवढे दोष होते तेवढे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. वाचताना मला तुझ्या आईची आठवण झाली. स्थळ सांगून आलं तेव्हा तिनेही माझ्या घरच्यांना स्वतःचे दोषच आधी सांगितले होते.

तुमचा,
अप्पा

---

मालवण
२० मे

पुष्कर,

अप्पा पोचले हे तुला फोनवर सांगितलंच. बंदी उठली तरी हे पत्र लिहितेय, कारण यात एक गोष्ट आहे जी फोनवर सांगताना मी नक्की गुळमुळीत केली असती.

आधी बरं ते सांगते. अप्पा पडवीत बसत नाहीत. आल्या दिवशी दुपारी दहा मिनिटं बसले, लॉजकडे पाहिलं, खुर्ची उचलली आणि विहिरीवर गेले. रहाटाखाली खुर्ची टाकून पेपर वाचतात. काशीबाई पाण्याला आल्या की दोघांचं सुरू होतं.

"हो वारो घाटावरसून येता," अप्पा.

"तुमचो घाट तुमच्याकडे ठेवा. हो दर्याचो वारो."

"दर्याचो वारो खारट लागता."

"मगे तोंड मिटा."

पहिल्या दिवशी मी मधे पडणार होते. गुरुप्रसादनी हाताने थांबवलं. आता काशीबाई दुपारी पाणी संपलेलं नसतानाही येतात आणि रिकामी घागर बाजूला ठेवतात. अप्पांना त्यानंतर झोप चांगली लागते. पहिले तीन दिवस पंचा सुकत नाही म्हणून तक्रार करत होते, आता दोन पंचे वापरतात. चक्कर आलेली नाही. रोज विचारते, रोज रागावतात.

आता ती गोष्ट.

सोमवारी ते म्हणाले, पोस्टात जाऊया, फोंड्याचं टपाल इकडे वळवायचं आहे. मी बरोबर गेले. खिडकीवर एक तरुण मुलगी होती. अप्पांनी तिच्याकडून अर्ज घेतला, चष्मा लावला आणि अर्जाची छपाई किती वाईट आहे ते तिला सांगितलं. मग तिथेच उभ्याने भरला. नाव, जुना पत्ता, नवा पत्ता. अक्षर तेच, आपल्या वह्यांवर नाव घालताना असायचं तसं. 'कोणत्या तारखेपर्यंत' या ठिकाणी आले तेव्हा थांबले.

 त्यांनी पाऊस म्हटलं तर आता पंधरा दिवस. गणपती म्हटलं तर तीन महिने. मी पोस्टातल्या जाहिरातीकडे बघत उभी राहिले, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून ते काही ठरवायला नकोत.

त्यांनी लिहिलं, 'मालवणात थंडी पडेपर्यंत'.

मुलीने अर्ज वाचला आणि म्हणाली, "काका, इथे तारीख लागते."

"बाय, हे अर्ज मी चौतीस वर्षं घेतलेत. माहेरी आलेल्या बायका 'बाळंत होईपर्यंत' लिहायच्या. चालायचं."

ती हसली आणि तिची ऑफिसची भाषा सुटली. "पण काका, हंय थंडी खंय पडता?"

"पडतली कधीतरी. तवसर टपाल हंयच येवंदे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुष्कर, मी भूगोल शिकवते. किनाऱ्यावर उन्हाळा आणि हिवाळा यांत फरक किती कमी असतो, यावर मी दर वर्षी पाच मार्कांचा प्रश्न काढते. थंडी पडेपर्यंत म्हणजे इथे किती दिवस, हे त्या पोस्टात उभ्या असलेल्या माणसांत सर्वांत चांगलं मला माहीत होतं. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, निदान तुझ्यासाठी तरी. मी पर्समधून गोंदाची बाटली शोधल्यासारखं केलं. माझ्या पर्समध्ये गोंद नसतो.

मुलीने शिक्का मारला.

तुला अंधारात ठेवायचं नाही म्हणून हे सगळं कळवलं. तुझी हरकत असेल तर अप्पांना लेखी कळव. पत्र फोंड्याच्या पत्त्यावर टाकलंस तरी इथेच येईल.

ताई